आकाशातली माणसं पाणी पीत नाहीत

रशीदाआपा. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. कारण लिहिता लिहिता मी घाबरते, इकडचं तिकडे होतं, आणि ज्यांच्यामुळे आमचं बिऱ्हाड औरंगाबादेत टिकलं, आमच्या ह्यांची नोकरी राहिली, त्यांचंच नाव कुठंतरी कोपऱ्यात जायचं. माझी शाळा पाचवीत सुटली. लिहिण्याची सवय पत्रापुरती. पत्राच्या वरती जसं देवाचं नाव घालतात तसं मी इथं आपांचं घालते. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, इत्ता बडा नक्को बना मेरेकू, दरवाजे में अटक जाऊंगी.

त्या तशाही अटकायच्याच. अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या, आणि टॉकीजचं जनान्याचं दार अरुंद. तेव्हा औरंगाबादच्या टॉकीजमध्ये बायकांची बाजू वेगळी असायची. मागच्या बाजूला बाकं, पुढं जाड हिरवा पडदा. दिवे लागलेले असले की पडदा बंद, दिवे गेले की उघडा. त्या पडद्याची दोरी आपांच्या हातात. दोरी, एक बॅटरी, आणि कमरेला पानाचा डबा, एवढा त्यांचा सरंजाम. तिकीट दारात फाडायचं, रडकं पोर आईच्या हातून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकायचं, पुरुषांच्या बाजूनं कोणी मान वळवली की त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारायची, ही त्यांची कामं. आणि एक काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. इंग्रजी चित्रपट असला की तो बायकांना समजावून सांगायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भीतीनंच. आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसं. हे सर्व्हेच्या खात्यात हंगामी लागले आणि आम्ही एकदम समुद्राकडून या दगडी दरवाजांच्या गावात येऊन पडलो. ह्यांचा कॅम्प पैठणच्या रस्त्यावर. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. मधले दिवस मी एकटी. खोलीत बसले की गल्ली खिडकीतून बघते असं वाटायचं, म्हणून एका दुपारी धीर करून टॉकीजवर गेले. तिकिटाच्या खिडकीवर माझं बोलणं ऐकून आतला माणूस हसला. मागचे दोघं हसले. मी परत फिरणार, तेवढ्यात एका जाड हातानं माझं मनगट धरलं आणि ओढून आत बाकावर बसवलं.

"पहले बैठ," आपा म्हणाल्या, "फिर डर."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. नवी नवरी, पळत आलेली सासुरवाशीण, अंधाराला भिणारी म्हातारी, सगळ्यांना तेच. एकटी आलेली बाई त्या स्वतःच्या शेजारी बसवत. त्या दिवसापासून दारालगतच्या बाकाची कड माझी झाली.

आपांचं इंग्रजी मुळात नव्हतंच. वर मशीनवर शंकर नावाचा ऑपरेटर होता, तो आधी छावणीतल्या टॉकीजमध्ये कामाला होता आणि गोऱ्यांचे चित्रपट बघून बघून शिकलेला. दुपारी खेळाच्या आधी मशीनच्या जिन्यावर उभा राहून तो आपांना गोष्ट सांगायचा. एकदाच. आपा डोळे मिटून ऐकायच्या, आणि तीन वाजता जनान्यात तीच गोष्ट निम्मी दखनी, निम्मी मराठी होऊन बाहेर पडायची. त्यांच्याकडं नावं ठरलेली होती. नायक कोणीही असो, तो 'अपना डाक्टर'. म्हातारा दिसला की तो जहागीरदार. आणि जाडजूड माणूस पडद्यावर आला की तो 'गंगापूरचा पाटील'. यावरून माझ्या घरमालकीण कौसाबाई दर वेळी चिडायच्या, कारण त्यांचं माहेर गंगापूरकडचं. आमच्याकडं असले ढेरपोटे नाहीत, असं त्या अंधारात ओरडून सांगायच्या, आणि आपा म्हणायच्या, हौ, ये वो नै, उसका मेहुणा है.

इंग्रजी चित्रपटात नायक-नायिका जवळ यायला लागले की आपा दोरी ढिली सोडत. पडदा अर्ध्यावर येई. पलीकडं काय चाललंय विचारलं तर शांतपणे सांगत, पावसाबद्दल बोलायलेत. एकदा पडदा पुन्हा वर गेला तोवर त्या दोघांचं पोर रांगायला लागलेलं होतं. कोणी तक्रार केली नाही. पडद्यावर जे होतं ते शंकरचं, आणि जनान्यात जे होतं ते आपांचं, असा सगळ्यांचा समज.

आपा मूळच्या आमच्याच गल्लीच्या. कौसाबाईंच्या घरामागं त्यांचं घर होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचे मालक निजामाच्या पोलिसात जमादार होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांना चौकशीला नेलं. सोडलं म्हणे. घरी मात्र आले नाहीत. कोणी म्हणायचं कराचीला गेले, कोणी म्हणायचं मधल्या काळात ज्यांचं त्यांनी वाईट केलं होतं त्यांनीच वाटेत गाठलं, आणि कोणी असंही म्हणायचं की आपांनीच अजून कुठंतरी लपवून ठेवलंय, नाहीतर रोज डबा कोणाला नेते? डबा त्यांच्या आंधळ्या सासूचा होता. मीसुद्धा एकदा त्यांच्या मागं दोन गल्ल्या चालत जाऊन ते पाहून आले. आपांनी वळून बघितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिकीट फाडताना म्हणाल्या, सासूला मसूर आवडतो, तुझ्याकडं असेल तर दे. मी मान खाली घातली. मालकांबद्दल त्या एकदाच बोलल्या. दहा माणसं दहा ठिकाणं सांगतात, म्हणाल्या, मेरेकू एक बी खत नै आया.

त्यांना मी घरी बोलवायची. येत नसत. आधीच तुझ्यावर गल्लीची नजर, म्हणायच्या, त्यात मी आले तर तुझं भाडं वाढेल. फिर कभी. हसून सांगायच्या, पण यायच्या नाहीत.

गल्लीची नजर होती हे खरं. आमच्यात काय संशय घेण्यासारखं होतं ते सांगते. माझं बोलणं कोणाला नीट कळत नव्हतं. गावाहून पोस्टानं सुक्या मासळीचं गाठोडं यायचं, त्याचा वास जिन्यापासून. गोवा तेव्हा फिरंग्यांकडं होता, तर आम्ही तिकडचेच हेर, असं कोणीतरी उठवलं. पण खरी गोष्ट होती ती ह्यांच्या सामानाची. कॅम्पावर चोरी झाल्यापासून साहेबांनी मोजणीची दुर्बीण ह्यांच्या अंगावर टाकली होती. दर शनिवारी हे ती तीन पायांची घोडी खांद्यावर आणि पितळी दुर्बीण फडक्यात गुंडाळून घरी आणायचे आणि कोपऱ्यात उभी करायचे. तिच्यावर मी चादर टाकून ठेवायची. चादरीनं ती जास्तच माणसासारखी दिसायची.

कौसाबाईंनी ती दाराच्या फटीतून पाहिली. त्यांच्या भावाची गंगापूरकडं जमीन. नुकतीच कोणीतरी असलीच घोडी त्याच्या उसात उभी करून गेलं होतं, आणि का ते सांगितलं नव्हतं. आधीच कूळकायद्यानं कोणाचं काय राहील याचा पत्ता नाही. कौसाबाईंनी दोन्हींची गाठ मारली. माझ्याशी बोलणं बंद केलं. आडावर मी गेले की बायका दोर सोडून उभ्या राहायच्या. मग एका सकाळी कौसाबाई अंगणातून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, शेजारच्या नर्मदाकाकूंना म्हणाल्या की येत्या शनवारी ह्यो सामान घेऊन आला की पुतण्याला सांगून चौकीवर कळवते, काय हाय ते भाईर निघंल. नर्मदाकाकू सोवळ्यातल्या, त्यांनी लांबूनच मान हलवली.

चौकीवर तक्रार म्हणजे काय हे मला कळत होतं. हंगामी माणसाची चौकशी करत बसत नाहीत. मस्टरवरचं नाव काढून टाकतात. गावाकडं परत जायचं तर तिथं एक होडी आणि तीन दीर. मी शनिवारची वाट बघायच्या ऐवजी शनिवारला भ्यायला लागले.

आपांना मी हे सगळं सांगितलं. आणि सांगितल्या सांगितल्या पस्तावले. कारण दुसऱ्याच दिवशी पाहिलं तर टॉकीजच्या दारात कौसाबाई आपांच्या कानाशी लागलेल्या, आणि आपा हौ हौ करत माझ्याकडं बघत होत्या. मनात आलं, झालं, हिनंच सगळं तिकडं पोचवलं. आता विचार करते तर गावात माझी एकच ओळख होती आणि मी तिच्यावरही संशय घेतला. पण तेव्हा माझं डोकं तसंच चालायचं. सगळ्यांचंच तसं चालत होतं. ज्यानं त्यानं मागच्या काही वर्षांत आपला शेजारी एका रात्रीत दुसराच झालेला बघितलेला होता.

रमजान लागलेला. आपांचा पानाचा डबा दिवसभर बंद. त्या आठवड्यात रडका हिंदी चित्रपट यायचा होता, बायका त्याचीच वाट बघत होत्या, पण त्याची पेटी आगगाडीनं आलीच नाही. टॉकीजच्या मालकांनी होता तो इंग्रजी लावला. मी दुपारी लवकरच गेले. बघते तर मशीनच्या जिन्यावर शंकर गोष्ट सांगतोय आणि आपा ऐकतायत. गोष्ट संपली तरी त्यांनी त्याला जाऊ दिलं नाही. वो किराएवाली का फिर से बोल, असं म्हणाल्या. भाडेकरू बाईचं पुन्हा सांग. शंकर सांगायला लागला, आणि तेवढ्यात आपांची नजर माझ्यावर पडली. त्या गप्प झाल्या. मला वाटलं माझंच चाललंय.

कौसाबाई गल्लीतल्या बायका घेऊन मधल्या बाकावर बसल्या होत्या. दिवे गेले, पडदा सरकला.

चित्रपट आकाशातून येणाऱ्या लोकांचा होता. लहानसं गाव, गोऱ्या लोकांचं. रात्री आभाळात ताटाएवढे उजेड फिरायचे आणि सकाळी कोणाची गुरं, कोणाची विहीर नाहीशी. आलेले लोक दिसायला माणसासारखेच, त्यामुळे गावात कोण आपला आणि कोण वरचा हे कळेना. बायका आधी कुरकुरत होत्या, मग आपोआप गप्प झाल्या. आणि मग पडद्यावर एक बाई एसटीतून उतरली. हातात छोटी पेटी, काखेत लांब गाठोडं. गावातल्या एका घरी तिनं खोली भाड्यानं घेतली. दार लावलं, गाठोडं सोडलं. आत तीन पायांची घोडी, वर काच.

अंधारात सगळा जनाना माझ्याकडं वळला. मला चेहरे दिसत नव्हते, बांगड्या वाजल्या तेवढ्या ऐकू आल्या.

"बगा माय," कौसाबाई म्हणाल्या. "मी काय म्हनू लागले व्हते. आता सांगा."

आपा गप्प होत्या. चित्रपट चालू असताना त्या गप्प राहिलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी उठायला लागले. त्यांनी न बघता माझं मनगट धरलं, पहिल्या दिवशीसारखं, आणि खाली बसवलं. मग खाकरून नेहमीच्याच आवाजात सुरू झाल्या.

"हौ, दुर्बीणवाली है. सरकारनं पाठवलीय तिला. आभाळावर पहारा द्यायला. ये बेचारी अपनी है. वरचे लोग गाव में पहले से आके बैठे हैं, बाई, तुमच्याआमच्यात."

कशावरून, कोणीतरी विचारलं. पडद्यावर ती बाई किराणा दुकानात शिरली होती. दुकानदारानं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो घटाघटा संपवला, आणखी मागितला, तोही संपवला. दुकानदारानं स्वतःचा पेला उचलला होता, तो कोणी हाक मारली म्हणून तसाच ठेवून बाहेर गेला.

आपांनी बॅटरीनं त्या ठेवलेल्या पेल्याकडं दाखवलं. "देखो. त्यानं पाणी ठेवलं. पिया नै. आसमानवाले पानी नै पीते. वो यहां का पानी नै पी सकते, मर जाते. जो प्याला तो आपला."

पुढं सगळा चित्रपट जनान्यानं पाण्याकडं बघत काढला. कोण प्यालं, कोण नाही. ती भाडेकरू बाई तर सारखीच पीत होती, घागरच्या घागर. धूप में से आई है, आपा म्हणत, प्यासी है. शेवटी गावातल्या लोकांनी तिची खोली वेढली. मशाली, बंदुका. घोडीच्या काचेतून उजेडाचा लोळ वर गेला, ती बाई त्या उजेडात उभी राहिली आणि वाफ होऊन नाहीशी झाली, आणि आभाळातले उजेड एकेक करून विझले.

आपांचा आवाज घोगरा झाला होता. त्या म्हणाल्या, गावानं ओळखलं नाही तिला. आग लावली. तरी तिनं वरच्यांना हाकलून दिलं. गई बेचारी, अपने घर कू नै पहुंची.

जनान्यात नाकं वाजायला लागली. दिवे लागायच्या आत आपांनी पडदा ओढला. कौसाबाई माझ्या बाकापाशी आल्या, थांबल्या आणि पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. मी आपांकडं बघितलं. त्या बाकाखाली कोणाची तरी राहिलेली चप्पल शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दारावर कौसाबाई. हातात भरलेला तांब्या. आमच्या बिऱ्हाडात त्यांनी स्वतः आणलेलं हे पहिलंच पाणी.

"पी," म्हणाल्या.

माझा घसा रात्रभर कोरडाच होता. मी तांब्या वर धरून संपवला. त्या घोटाघोटानं माझ्या गळ्याकडं बघत होत्या. पुन्हा भरून आणला. तोही प्याले. भीतीनं प्याले, पण प्याले. तेव्हा कौसाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांनी श्वास सोडला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, तुझा मालक पहारा देतो तो रातचा का दिसाचा? मी म्हटलं, पहारा नाही, रस्ता मोजतात, पैठणचा. ह्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे सांगायची बंदी हाय व्हय, असं.

शनिवारी चौकीवर कोणी गेलं नाही. हे आले तेव्हा कौसाबाई अंगणातच होत्या. ह्यांनी फडकं सोडून घोडी अंगणात उभी केली आणि कौसाबाईंना दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. कौसाबाईंना समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या नर्मदाकाकू खाली डोकं वर पाय दिसल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. अगं माय, सगळी गल्ली उलटी, सगळी गल्ली उलटी, एवढंच म्हणत राहिल्या. मग हसणं आवरून भावाच्या उसाचं विचारलं. ह्यांनी वहीत न बघता सांगितलं की तिकडं पाटबंधाऱ्याची दुसरी तुकडी आहे, आणि काय रेषा आखली ते मी विचारून येतो. पुढच्या शनिवारी विचारून आले. भावाचा ऊस रेषेबाहेर होता. पण मला वाटतं, आत असता तरी कौसाबाई आता आम्हाला काढणार नव्हत्या.

गल्लीत मात्र पाण्याचं खूळ पसरलं. दूधवाला, भंगारवाला, वसुलीचा कारकून, जो येईल त्याला आधी पाणी. जावई आले तरी चहाच्या आधी दोन पेले, आणि समोर चार बायका बघत उभ्या. यात सापडल्या नर्मदाकाकू. त्या सोवळ्याच्या, दुसऱ्याच्या हातचं पाणी त्यांनी जन्मात घेतलेलं नाही. कौसाबाईंनी तांब्या पुढं केला, काकूंनी हात मागं घेतला, आणि गल्लीचे चेहरे बदलले. काकूंचं भांडं कोणी आडावर उतरवू देईना. म्हातारी रडकुंडीला आली. शेवटी हे प्रकरण टॉकीजच्या दारात आपांपुढं गेलं. आपांनी विचार केल्यासारखं करून निकाल दिला की जी स्वतःच्या घरचं पाणी पिते तीही चालते, फक्त पिताना तिला कोणीतरी बघायला हवं. नर्मदाकाकूंनी मग दारात उभं राहून सगळ्यांसमोर स्वतःच्या लोटीतलं पाणी पिऊन दाखवलं.

पण कौसाबाई साध्या नव्हत्या. जिचा नवरा कुठं गेला हे कोणाला माहीत नाही, जी बाई दिवसभर काही खात-पीत नाही, ती आम्हाला पाण्याचं सांगते, हे त्यांच्या डोक्यात शिरलं. एका दुपारी त्या तांब्या घेऊन टॉकीजवर आल्या. जनाना भरलेला होता. सगळ्यांसमोर तांब्या आपांच्या पुढं धरला.

"रशीदा, तू पी."

मी दारालगतच्या बाकावर. मला माहीत होतं त्या पिणार नाहीत.

"रोजा है, कौसा," आपा म्हणाल्या. "मगरिब के बाद."

"म्हंजी प्याची न्हाईस."

"पिऊंगी. तेरेकू थोडा ठैरना पडता."

कौसाबाई थांबल्या. परत गेल्या नाहीत. तांब्या मांडीवर धरून त्यांनी तीनचा आख्खा खेळ बघितला, त्यात पावसाबद्दलचं बोलणंही आलं. खेळ सुटला, बायका पांगल्या, मी उगाच पदर सारखा करत रेंगाळले. ऊन उतरलं. मागच्या मशिदीतून मगरिबची अजान झाली. आपांनी पदराच्या गाठीतून खजूर काढून तोंडात टाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. वरून पाणी ओतून घ्यायचं, भांड्याला शिवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत, आणि आपांच्या हातांना ती पाठ होती.

कौसाबाईंनी ओंजळीकडं बघितलं. मग तांब्याच त्यांच्या हातात दिला.

आपा प्याल्या. दिवसभराची तहान, पण हळू प्याल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "मीठा है. अब्बी बी."

तेव्हा मला कळलं की पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी आपांच्या घरी कौसाबाईंच्याच आडाचं पाणी जायचं. कौसाबाईंनी रिकामा तांब्या काखेत मारला आणि घरी गेल्या. घरी जाऊन विटाळ काढायला तो त्यांनी विस्तवात घातला का, हे मी खिडकीतून बघत होते. घातला नाही. त्याच तांब्यानं तुळशीला पाणी घातलं.

गेल्या हिवाळ्यात इथं नागपूरला माझ्या लेकीनं व्हिडिओवर जुना इंग्रजी चित्रपट आणला. मी भाजी निवडत होते. पडद्यावर एक बाई एसटीतून उतरली आणि माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. लेकीला म्हटलं, मला सांग, ही कोण? लेक इंग्रजी शिकलेली. ती म्हणाली, आई, हीच तर ती. त्यांच्या ग्रहावरचं पाणी संपलेलं असतं म्हणून ते इथं येतात. ही आधी येऊन खोली घेते आणि त्या यंत्रानं बाकीच्यांना खुणा करते. बघ ना किती पाणी पिते, त्यावरूनच घरमालकीण ओळखते आणि गावाला सांगते. मग जाळतात तिला. म्हणून गाव वाचतं.

मला मशीनच्या जिन्यावर थांबलेल्या आपा दिसल्या, वो किराएवाली का फिर से बोल. आपांना सगळं ठाऊक होतं. ती बाई कोण, घरमालकीण कोण, आणि ते पाणी कसलं. त्यांनी गोष्ट तांब्यासारखी पालथी घातली, कौसाबाईंच्या देखत. शंकरनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं असतं तर कौसाबाईंच्या त्या दोन तांब्यांनी माझा निकाल लागला असता. कधी मनात येतं, हे सगळं माझ्यासाठीच होतं, की त्या आडाच्या पाण्यासाठीही होतं? संशय घ्यायची खोड जात नाही. पण घेऊन घेऊन मी आता थकले, आणि दोन्हींसाठी असलं तरी माझं काही कमी होत नाही.

आमची बदली झाली तेव्हा टांगा टॉकीजवरून न्यायला सांगितला. बरोबर तीनचा सुमार. आतले दिवे गेलेले असणार, कारण आपा दोरी सोडून बाहेर येऊ शकल्या नाहीत. अरुंद दारात अर्ध्या बाहेर, अर्ध्या अंधारात उभ्या होत्या. एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं एका नवख्या पोरीचं मनगट धरलेलं, हिरवा चुडा भरलेली, भेदरलेली. त्यांना हात हलवायला हातच नव्हता. काखेत धरलेली बॅटरी तशीच कशीतरी माझ्याकडं वळवली आणि लावली. भर उन्हात तो उजेड दिसला नाही, पण बटणाचा आवाज मी ऐकला असं मला अजून वाटतं.

कौसाबाईंच्या नातवाचं दिवाळीला कार्ड येतं. टॉकीज पाडलं, म्हणतो, आपा आहेत, डोळ्यांना कमी दिसतं.

आपा, तुम्ही म्हणाला होतात, फिर कभी. ऊन कमी झालं की मी येते. तुम्हाला हाताला धरून इथं आणणार आहे. आमच्या बिल्डिंगमधली माणसं दाराच्या भोकातून बघतील, बघू देत. लेकीला तो चित्रपट पुन्हा लावायला सांगेन, आवाज बंद करून, आणि सांगायचं तुम्हीच. जवळ येतील तिथं मी पदर आडवा धरेन. पाणी इथलं नळाचं आहे, कौसाबाईंच्या आडाचं नाही. पण ओंजळ पुढं करायची नाही. तांब्या हातात देईन.